डाव्या हाताची दारे

दिनांक १० जून १९८६, मंगळवार. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील पॅसेजमध्ये त्या वेळी त्रेपन्न माणसे, एक महाराज आणि एक कुत्रा एवढी गर्दी होती. माणसे श्वास रोखून उभी होती, महाराज डोळे मिटून उभे होते, आणि कुत्र्याला मात्र धड उभेही राहता येत नव्हते. त्याची मान डाव्या खांद्यावर कलली होती. एक कान जमिनीकडे, दुसरा छताकडे. शेजारच्या घरातले भांडण भिंतीला कान लावून ऐकणाऱ्या माणसाची मुद्रा जशी असते, तशी त्याची मुद्रा होती. म्हणूनच महाराजांना लोकांनी ‘कानोसा महाराज’ असे नाव ठेवले होते, आणि महाराजांनीही ते प्रसाद म्हणून स्वीकारले होते.

“ऐकतोय!” महाराज कुजबुजले. “श्वानदेव ऐकतोय. ज्या दारामागे बाधा श्वास घेते, तो श्वास तुम्हाआम्हाला ऐकू येत नाही. आपले कान चहाड्या ऐकून ऐकून किटलेत. ह्याचे शाबूत आहेत. मी कोण? मी नुसता दोरी धरणारा!”

कुत्रा डाव्या भिंतीला अंग घासत पुढे सरकला. एक नंबरचे दार गेले, तीन गेले, पाच आणि सात गेले. ज्याचे त्याचे दार मागे पडले तसा ज्याचा त्याचा सुस्कारा ऐकू आला. नऊ नंबरपाशी कुत्रा लटपटला, त्याने डावीकडे एक गिरकी घेतली आणि दाराच्या खोलगट चौकटीत तो धाडकन कोसळला.

“नऊ नंबर!” गर्दीतून आवाज उठला. “अहो, डॉक्टरबाईंचं दार!”

दार उघडून डॉक्टरबाई बाहेर येईपर्यंत महाराजांनी उंबऱ्याबाहेर राखेची रेघ ओढली होती. बाईंचा पाय पुढे पडण्याआधीच दार लोटले गेले, बाहेरून कडी पडली आणि कडीवर पिवळा दोरा बांधला गेला.

“एकवीस दिवस,” महाराजांनी जाहीर केले. “आतलं कुणी बाहेर नाही, बाहेरचं कुणी आत नाही. दोरा तुटला, तर ह्या मजल्यावरचं सर्वांत धाकटं मूल आधी जाईल.”

ह्या शेवटच्या वाक्यातच सगळी मेख होती. स्वतःच्या भीतीशी माणूस एखादे वेळी झुंजतो. पण दुसऱ्याच्या लेकराचे नाव घेतले की आतला मुकाट बसतो आणि बाहेरचे पहारा देतात. सर्वांत धाकटे मूल पाच नंबरमध्ये होते, नऊ महिन्यांचे. त्याच्या आईने त्याच दिवशी कडीसमोर स्टूल टाकले.

बाईंनी पस्तीस वर्षे सरकारी पशुरुग्णालयात काढली होती. निवृत्तीनंतर त्या आपल्या विधुर भावाकडे राहत. भाऊ घड्याळे दुरुस्त करणारा. मिनिटाचा काटा केसभर चुकलेला त्याला दिसे. पण कुणी आवाज चढवला की स्वतःचे काळीज किती चुकते, हे त्याला कळत नसे. घरात तिसरी त्याची अठरा वर्षांची मुलगी. सोमवारी, १६ तारखेला सकाळी दहा वाजता तिची तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. वयाच्या अटीमुळे ही तिची पहिली आणि शेवटची संधी होती.

“बाबा, सोमवारी मला जायचंय,” ती म्हणाली.

भावाने खुर्ची दाराला टेकवली आणि तिच्यात बसून घेतले. “जीव राहिला तर परीक्षा, पोरी.”

“माझा जीव कुठे जातोय?”

“तुझा नाही. पाच नंबरमधल्या बाळाचा.”

“बाबा, एखादं घड्याळ बंद पडलं तर तुम्ही त्याला राख लावता का?”

“घड्याळ उघडून बघता येतं,” तो खिन्नपणे म्हणाला. “हे कसं उघडणार?”

बाईंनी बंद दाराआडूनच पहिला प्रयत्न केला. “अहो, ऐका! त्या कुत्र्याला काही ऐकू येत नाहीये. तो आजारी आहे! त्याच्या कानाला—”

“ऐकलंत?” महाराजांचा आवाज दारावर आदळला. “बाधा बोलतेय! सुटकेसाठी डॉक्टरांची भाषा बोलतेय. भाषा जितकी शहाणी, तितकी बाधा जुनी. कान झाका, मंडळी!”

आणि त्रेपन्न माणसांनी खरोखरच कान झाकले. त्या क्षणी बाईंना आपल्या पिंजऱ्याची खरी रचना समजली. कडी लोखंडाची होती, ती कधीतरी निघाली असती. पण ज्याचे प्रत्येक शहाणे वाक्य त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरते, त्याने तोंड उघडायचे तरी कसे? ह्या शब्दांच्या कडीला आतून हात पोचत नव्हता.

खोल्या दोनच. एक खिडकी, तीही हवेच्या चौकात उघडणारी. समोर शेजारच्या इमारतीची बिनखिडकीची भिंत आणि मधून खाली उतरणारे पाइप. टेलिफोन सबंध इमारतीत एकच, तो सोसायटीच्या सचिवांच्या घरी. जेवण दुपारी आणि संध्याकाळी खिडकीच्या गजांतून वरच्या मजल्यावरून दोरीला बांधून येई. भिंतीवर दुरुस्तीला आलेली सतरा घड्याळे टिकटिकत होती, आणि सोमवार किती जवळ आला ते प्रत्येक आपापल्या परीने सांगत होते.

हा प्रकार सुरू झाला होता दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजोबांच्या दारात कुत्रा पडला आणि चार दिवसांनी आजोबा गेले. त्या आजोबांपुढे दोन डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते. पण ते गेले ह्याचे नवल कुणाला नव्हते. कुत्र्याला आधी कळले, ह्याचे होते. मग गवंड्याचे दार झाले, त्यानंतर एका विधवेचे. गवंडी रेघ ओलांडून कामावर निघाला, तर त्याच्याच मित्रांनी त्याला उचलून आत टाकले; तेव्हापासून दारांना बाहेरून कडी पडू लागली. दक्षिणा दिली की एकवीसचे अकरा दिवस होत, हे वेगळे सांगायला नको. गेल्याच आठवड्यात जिन्यावर बाईंनी महाराजांना हटकले होते, “महाराज, ह्याला आधी दवाखान्यात न्या, देव मागाहून बघू.” लोक हसले होते. महाराज हसले नव्हते.

बुधवारी सकाळी फेरीची घंटा वाजली, तेव्हा बाई जमिनीवर पालथ्या पडल्या. दाराच्या खालच्या भागात पत्रे टाकायची एक फट होती, पितळी झडपेची. अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी त्याबद्दल जी काही तक्रार केली, ती त्यांनी मनावर घेतली नाही. झडप बोटाने वर करून त्या पाहू लागल्या. माणसांचे नुसते पाय दिसत. कुत्रा मात्र पुरा दिसे. कारण ती फट त्याच्याच उंचीवर होती.

गुरुवारी त्यांचे नशीब उघडले. ‘बाधा अजून आत आहे का’ हे पाहण्यासाठी महाराजांनी कुत्र्याला पुन्हा नऊ नंबरपाशी थांबवले, आणि तो झडपेसमोरच पडला. दोघांची तोंडे समोरासमोर आली, मध्ये फक्त चार बोटांचे अंतर. बाईंनी पाहिले : डोळ्यांची बुबुळे आपोआप एका बाजूला सरकत आणि झटक्याने परत येत होती. डावा ओठ लोंबत होता, त्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. मागचा डावा पाय हवेतच खाजवण्याची हालचाल करत होता. आणि झडपेतून जो वास आत आला, तो त्यांनी पस्तीस वर्षांत हजारदा घेतला होता : आंबलेला, उग्र, कुजकट. त्यावर अत्तराच्या तेलाचा दर्प. तेवढ्यात वरून महाराजांचा हात आला आणि त्याच कानात त्या तेलाची धार पडली. कुत्रा किंचाळला. लोकांनी हात जोडले.

“डावा कान,” बाई उठून बसत भाचीला म्हणाल्या. “बाहेरच्या कानात रोग झाला, कुणी पाहिलं नाही, तो पडद्यामागे उतरला आणि पार आतल्या कानापर्यंत गेला. तोल सांभाळायचं यंत्र तिथेच असतं. ते एका बाजूचं बिघडलं की मान त्या बाजूला कलते, पाय त्या बाजूला वळतात आणि जनावर त्याच बाजूला पडतं.”

“पण आत्या, हात न लावता निदान?”

“करू नये. हात लावला की बदलायची माझी तयारी आहे. त्यांची आहे का, विचार.”

भाचीने केस विंचरायची फणी जमिनीवर ठेवली, शेजारी दुसरी ठेवली. मधला भाग पॅसेज, दाते म्हणजे दारे. काडेपेटी म्हणजे कुत्रा. तिने ती पुढच्या टोकाकडून ढकलत आणली, डाव्या फणीला घासत. “आतापर्यंत कुत्रा पडला ती सगळी दारं विषम नंबरची आहेत ना? महाराज तर म्हणतात, बाधेला विषम अंक आवडतो.”

“बाधेला अंकगणित येतं, हे मला नवीन आहे,” बाई म्हणाल्या. “विषम नंबर कोणत्या हाताला येतात?”

“चढून आलं की डाव्या.” भाची थबकली. “आणि आपल्याकडे सगळे चढूनच येतात!”

खरेच होते. इमारतीला दोन जिने. एकदा एक कपाट वर येत असताना आणि एक पलंग खाली जात असताना गाठ पडून तीन तास रस्ता बंद झाला होता. तेव्हापासून सचिवांनी नियम केला : पुढचा जिना फक्त चढण्यासाठी, मागचा फक्त उतरण्यासाठी. लाल बाण रंगवले. सचिव पूर्वी वजनमापांचे निरीक्षक होते. नियमाचा काटा त्यांनी कधी हलू दिला नव्हता. आग लागली तरी हा माणूस ज्वाळांना पुढच्या जिन्याने या म्हणेल, असे लोक म्हणत. ते स्वतः बारा नंबरमध्ये राहत, म्हणजे सम बाजूला, मागच्या जिन्यालगत. आपण सम आहोत हे कळल्यापासून त्यांची भक्ती फार वाढली होती.

“पण मग एक, तीन, पाच सोडून नऊलाच का पडला?”

“दोरी पाहिली मी. सगळी दारं जाईपर्यंत महाराज ती उजवीकडे ताणून धरतात. कुत्र्याला काठीसारखा आधार मिळतो. जे दार हवं तिथे दोरी सैल होते. चौकट आत गेलेली, भिंतीचा टेकू संपलेला. पडणार नाही तर काय करील बिचारा?”

“मग हे ओरडून सांगू या!”

“सांगितलं. कान झाकले.”

शुक्रवार गेला, शनिवार गेला. भाची भूमितीची पेटी उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. भावाने रात्री दारापाशीच अंथरूण घातले, म्हणजे मुलीला ओलांडून जाता येऊ नये. शनिवारी दिवेलागणीला बाईंनी दिवा लावला. मग म्हणाल्या, “ते माझं ऐकत नाहीत. बाधेचं मात्र कान देऊन ऐकतात. तेव्हा उद्या बाधेनंच बोलायला हवं.”

भाची पाहतच राहिली. “तुम्ही अंगात आणणार? आत्या, तुम्ही?”

“जन्मभर ज्या गोष्टीला हसले ती आता करायची. घशाखाली उतरत नाहीये. पण तुझ्या सोमवारपेक्षा माझा ताठा मोठा नाही.”

रविवारी सबंध इमारत घरी होती. फेरी नऊ नंबरपाशी येताच आतून असा काही घोगरा आवाज आला की भावाने खुर्चीसकट मागे उडी मारली.

“नका! मागच्या जिन्यानं त्याला आणू नका!” बाई झडपेत तोंड घालून ओरडत होत्या. “पुढच्या जिन्याला मी भीत नाही! मागच्या जिन्यानं आला तर मी जळेन! आणि त्या बारा नंबरवाल्याच्या हातात दोरी देऊ नका! तो पुण्यवान आहे! त्याचा हात मला सोसवत नाही!”

भाची तोंडात टॉवेल कोंबून हसू दाबत होती. भाऊ हात जोडून बहिणीला म्हणाला, “ताई... म्हणजे, आपण जे कोणी असाल...”

बाहेर सचिवांची छाती चार बोटे पुढे आली. “ऐकलंत? माझ्या हाताला भिते!”

“बाधेचं ऐकायचं नसतं,” महाराज घाईने म्हणाले.

“ती जे नको म्हणते, तेच करायचं, असं आपणच परवा सांगितलंत.”

“श्वानदेवाला परक्याचा हात चालत नाही.”

“पण महाराज, आपण तर नुसते दोरी धरणारे. दोरी मीही धरीन!” सचिवांनी दोरी घेतली. मग त्यांची पावले अडखळली. उतरत्या जिन्याने चढायचे! क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर भक्ती आणि नियम ह्यांची झटापट झाली. शेवटी त्यांनी घसा खाकरला. “सचिव ह्या नात्याने मी स्वतःला आजच्यापुरती विशेष परवानगी देत आहे.”

कुत्रा मागच्या जिन्याने खाली नेला गेला आणि त्याच जिन्याने वर आला. बाई पालथ्या पडून तिरक्या नजरेने पाहत होत्या. सचिवांनी दोरी भक्तिभावाने, म्हणजे अगदी सैल धरली होती. कुत्रा वर आला, डाव्या भिंतीला टेकला, दोन पावले चालला, आणि पहिल्याच चौकटीत, सचिवांच्या बारा नंबरच्या दारात, कोसळला.

पॅसेजमध्ये एवढी शांतता पसरली की नऊ नंबरमधली सतरा घड्याळे बाहेर ऐकू आली.

“बारा?” सचिव पुटपुटले. “पण बारा तर सम आहे!”

महाराज सावरले. “बाधा घाबरून पळाली आणि इकडे घुसली! राख आणा. एकवीस दिवस.”

दारात उभ्या असलेल्या सचिवांच्या बायकोने कमरेवर हात ठेवले. “एकवीस दिवस? हे? घरात? माझ्यासमोर? त्यापेक्षा बाधा बरी! अहो, आणा त्याला परत. पुढच्या जिन्यानं. दोरी तुमच्याच हाती राहू द्या.”

सुटका हवी असली की बुद्धी लवकर चालते. सचिव धावत गेले. या खेपेला कुत्रा पुढच्या जिन्याने आला आणि एक नंबरच्या दारात पडला. सगळ्यांच्या आधी सचिवांच्या बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. “अगं बाई! अहो, हा डावा हात सोडतच नाही! जिकडून येईल तिकडची डावी बाजू!”

“हो,” दारामागून बाईंचा नेहमीचा आवाज आला. “आणि आता बाधा नाही, मीच बोलतेय. मघाशीही मीच बोलत होते. खोटं बोलले, त्याबद्दल माफी मागते. पण मी खरं सांगत होते तेव्हा तुम्ही कान झाकलेत आणि सोंग केलं तेव्हा टवकारलेत, हेही ध्यानात ठेवा. कडी काढा.”

कुणी हलेना. पाच नंबरमधली आई स्टुलावरून उठली, बाळाला तिने घट्ट धरले होते. सचिवांनी तिच्याकडे पाहिले, आपल्या दाराकडे पाहिले. मग त्यांनी पुढे होऊन दोरा ओढला. दोरा तुटला. सगळे बाळाकडे पाहू लागले. बाळाने एवढी माणसे आपल्याकडे पाहतात म्हणून खूश होऊन आईचे नाक ओढले.

दार उघडले. महाराज कुत्र्याला घेऊन निघण्याच्या बेतात होते. पण दोरीचे टोक सचिवांच्या बायकोच्या मुठीत होते, आणि त्या मुठीतून काही सुटत नाही हे खुद्द सचिवांना ठाऊक होते.

“आधी दोन उशा आणा,” बाई म्हणाल्या. “फार वेळा आपटलाय तो.” दोरी हातात घेऊन त्यांनी ती उजवीकडे ताणली. कुत्रा एक, तीन, पाच नंबर पार करून सरळ चालत गेला. “बोला, कुठलं दार हवं?”

“सात,” कुणीतरी म्हणाले.

सातपाशी दोरी सैल झाली. कुत्रा उशीवर पडला. बाईंनी त्याला उचलून उभे केले, त्याची पाठ थोपटली. “महाराजांचं ऐकणं एवढंच. दार ते निवडायचे. कुणी म्हातारा, कुणी एकटी बाई, कुणी त्यांना हसलेलं. परत करून दाखवायची गरज नाही. ह्या जनावराचे हाल पुरे झाले.”

मग त्यांनी जुनी बॅग उघडली. पट्टीने कुत्र्याचे तोंड हळुवार बांधले, भाचीला टॉर्च धरायला सांगितली, आणि कान तपासायची दुर्बीण काढली. “आधी चांगला कान. निरोगी कसा दिसतो ते ठाऊक नसेल, तर रोगी कसा ओळखणार? बघा, सचिव.”

सचिवांनी डोळा लावला. “गुलाबी आहे. स्वच्छ.”

“आता डावा. मी पाळ उचलते, आत फार घालत नाही. दुखतं त्याला.”

सचिव चटकन मागे सरले. नाकावर रुमाल गेला. कान सुजून आत बंद झाला होता. काळपट मळ, पू आणि त्यावर तेलाची साय.

“पू!” ते म्हणाले. “नुसता पू आहे आत!”

“आणि ह्याला आपण इतके दिवस हात जोडत होतो,” भाऊ हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “ताई, उघडून बघता येत होतं की गं.”

“बहुतेक गोष्टी उघडून बघता येतात,” बाई म्हणाल्या. “येत नसतील तर थांबायचं आणि ‘मला ठाऊक नाही’ म्हणायचं. मधेच राख लावायची नाही.” मग त्या सगळ्यांकडे वळल्या. “माझंही खरं मानू नका. मी सांगते म्हणून नको, महाराज सांगतात म्हणून नको. कुणी काही अद्भुत दाखवलं की एवढंच म्हणा : आता दुसऱ्या जिन्यानं आणून दाखवा. खरं असेल ते दोन्ही जिन्यांनी खरं राहील.”

गवंड्याच्या आणि विधवेच्या दारांच्या कड्या लोकांनीच खाली जाऊन काढल्या. घेतलेली दक्षिणा तिथेच परत द्यावी लागली. महाराज गर्दीतून वाट काढत निघाले, तेव्हा ते नेमके पुढच्या जिन्याकडे वळले.

“अहो!” सचिव ओरडले. “उतरायला मागचा!”

कुत्रा बाईंकडेच राहिला. भूल देऊन कान साफ झाला, पू काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आणि त्याप्रमाणे औषध ठरले. पडदा फाटला असल्याने कानात काहीही ओतायला बाईंनी सक्त मनाई केली. दोन महिन्यांनी तो जिने चढू लागला. मान किंचित कलतीच राहिली. आता कुणी त्याला हात जोडत नसे. जाता येता पाच नंबरमधले बाळ मात्र त्याच्याकडे पाहून स्वतःची मान कलवी.

पण ते सारे पुढचे. सोमवारी, १६ जूनला, सकाळी नऊ वाजता भाची भूमितीची पेटी घेऊन बाहेर पडली. उंबऱ्याबाहेर राखेची रेघ अजून पुसट दिसत होती. तिने ती ओलांडली, आणि भावाने मागोमाग ओल्या फडक्याने ती पुसून टाकली. ठीक दहाला तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत हजेरी झाली.

बोलावलेले उमेदवार चाळीस. हजर चाळीस.